कोरडवाहू देव

१. बालाजी आणि बआल

शब्दांविषयी कुठंही बोलायला गेलं, की कार्यक्रम संपता संपता एक प्रश्न हमखास येतो. "बायबलात तो बआल नावाचा देव आहे ना, तोच आपला बालाजी का हो?" कधी बालाजीच्या जागी बळीराजा असतो, कधी बलराम. विचारणाऱ्याचा चेहरा खुललेला असतो, कारण उत्तर 'हो' आलं तर एवढं मोठं जग एकदम आपल्या आळीत येऊन बसतं.

उत्तर 'नाही' असं आहे. बाल, बळी, बल हे संस्कृतातले शब्द आहेत आणि त्यांची घराणीही वेगळी. बआल मात्र पश्चिम आशियातला. त्याच्या मधोमध घशाच्या तळातून काढायचा एक वर्ण आहे. आपल्या वर्णमालेत तो नाहीच, म्हणून मराठी बायबलात मध्ये एक 'अ' घालून 'बआल' असं छापतात. ऐकायला सारखे वाटणारे दोन शब्द नात्यातले असतीलच असं नाही, जसं एकाच आडनावाची दोन घरं भाऊबंद असतीलच असं नाही.

यवतमाळचंच बघा. नावात 'माळ' दिसतो, आणि शहर उंचावरही आहे, म्हणून बहुतेकांना वाटतं की हा माळरानाचा माळ. जुन्या इंग्रजी गॅझेटिअरात निराळंच दिलं आहे: मूळ गाव यवता, आणि पुढचा तुकडा 'महाल', म्हणजे परगण्याचं ठाणं. जिल्ह्याला तेव्हा वणीच्या नावानं ओळखत. १९०५ मध्ये तो यवतमाळचा झाला. गंमत अशी की हा 'महाल' अरबी आहे. बआल ज्या भाषाकुळातला, त्याच कुळातला. म्हणजे या कुळाशी आपल्या जिल्ह्याचं नातं आहेच, फक्त ते बालाजीच्या देवळातून आलेलं नाही, तहसील कचेरीतून आलेलं आहे. आणि बआलची गोष्ट ऐकून झाली की कळतं, की ती सांगायला कचेरीचं दार काही वाईट नाही.

२. जमा, जमात, जुम्मा

हिब्रू, अरबी, अरामी आणि इराकमधली प्राचीन अक्कडी या भाषांच्या कुळाला सेमिटिक म्हणतात. त्यांची एक खोड समजून घेतली की पुढचं सगळं सोपं जातं. या भाषांत शब्दाचा जीव बहुधा तीन व्यंजनांत असतो. स्वर फक्त कपडे बदलावेत तसे बदलतात.

उदाहरण आपल्याच बोलीतलं. जमा, जमात, जुम्मा. पैसे जमा होतात, माणसांची जमात होते आणि जुम्म्याला लोक मशिदीत एकत्र येतात. तिन्ही शब्दांच्या पोटात ज, म आणि तो घशातला वर्ण, आणि तिन्हींचा अर्थ 'एकत्र येणं' याच्याशी बांधलेला. हुकूम, हाकीम, हुकूमत यांचंही तसंच.

आता ब, तो घशातला वर्ण, आणि ल. या तिघांचा अर्थ: मालक, धनी. एवढंच. त्यात ना देव आहे, ना भूत. घराचा मालक, बैलाचा मालक, वावराचा धनी. अक्कडीत घशातला वर्ण गळून गेला आणि 'बेल' उरलं. बाबिलोनचे लोक आपल्या मार्दुक देवाला 'बेल' म्हणजे 'धनी' म्हणत.

३. हुद्द्याचं नाव पडतं

मग मालकाचा देव कसा झाला?

सिरिया आणि लेबनॉनच्या किनाऱ्यावर पावसाचा, विजांचा, वादळाचा एक देव होता. त्याचं स्वतःचं नाव हदद. पण भक्त देवाला नावानं कमीच हाक मारतात. गावात एकच पाटील असेल तर त्याचं पाळण्यातलं नाव निम्म्या गावाला ठाऊक नसतं. 'पाटलाकडं जाऊन ये' म्हटलं की पोरगं बरोबर वाड्यावर पोचतं. हददचं तसंच झालं. सगळे त्याला 'धनी' म्हणू लागले, आणि हळूहळू 'बआल' हेच त्याचं नाव बनलं.

हुद्दा नाव बनला तरी तो सर्वांसाठी मोकळाच राहतो. त्यामुळं गावोगावचे बआल निघाले: या डोंगराचा, त्या झऱ्याचा. आपल्याकडं मारोती एकच, तरी याच गावचा मारोती नवसाला पावतो असं म्हणतातच की. उत्तर आफ्रिकेत कार्थेज शहरात बआल हम्मोन हा मोठा देव होता. इसवी सनापूर्वी २१८ मध्ये हत्ती घेऊन आल्प्स ओलांडणाऱ्या सेनापतीचं नाव हनीबल, म्हणजे 'बआलची कृपा'. त्याच्या भावाचं नाव हसद्रुबल, म्हणजे 'बआलचं साहाय्य'. देवदत्त, रामप्रसाद अशीच ही नावं.

हुद्द्यातून कुठवर जाता येतं, याचा सगळ्यात चांगला दाखला मात्र मराठीतच आहे. 'देवी' हा शब्द घ्या. कुठल्याही स्त्रीदैवताला लागू पडणारा, आदराचा. आणि तरी 'त्याला लहानपणी देवी आल्या होत्या' म्हटलं की कुणीही हात जोडत नाही, सगळे चेहऱ्यावरचे व्रण आठवतात. रोगाचं नाव घ्यायचं नाही म्हणून मान देऊन बोललं गेलं, आणि तो मानच रोगाचं नाव होऊन बसला. पुढं सरकारी माणसं 'देवी टोचायला' येऊ लागली. १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं हा रोग जगातून गेल्याचं जाहीर केलं. रोग गेला, शब्दाचा अर्थ अजून जुन्या माणसांच्या दंडावर आहे.

४. नांगराला लागलेलं थडगं

विसाव्या शतकापर्यंत बआलविषयी जे माहीत होतं ते बहुतेक त्याच्या विरोधकांनी लिहिलेलं. कोर्टात एकाच पक्षाचा वकील बोलत होता. दुसरी बाजू सापडली ती एका शेतकऱ्यामुळं.

१९२८ मध्ये सिरियाच्या किनाऱ्याजवळ एकाचं वावर नांगरताना नांगराला दगड लागला. दगडाखाली प्राचीन थडगं निघालं. पुढच्या वर्षी फ्रेंच पुरातत्त्वज्ञ क्लोद शेफर यांनी उत्खनन सुरू केलं, आणि जवळच्या रास शमरा नावाच्या टेकाडाखाली उगारित हे शहरच्या शहर मिळालं. इसवी सनापूर्वी ११८५ च्या सुमारास ते उद्ध्वस्त झालं होतं. राखेत आणि मातीत भाजलेल्या विटकरांसारख्या पाट्या होत्या, त्यांवर तीस चिन्हांची एक अनोळखी लिपी. वर्षभरातच ती वाचता आली, आणि बआलच्या भक्तांची बाजू तीन हजार वर्षांनी बोलू लागली.

पाट्यांतला बआल 'मेघांवर स्वार होणारा' आहे. तो समुद्राचा देव याम याला हरवतो आणि मग स्वतःला वाडा हवा म्हणून हटून बसतो. वाडा बांधताना कारागीर विचारतो, खिडकी ठेवू का? बआल आधी नको म्हणतो, मग कबूल होतो. खिडकी उघडते तशी ढगांत फट पडते आणि गडगडाट होतो. पाऊस म्हणजे देवाच्या घराची उघडलेली खिडकी! बांधकामावर मालकानं आयत्या वेळी नकाशा बदलणं इतकं जुनं असेल असं वाटलं नव्हतं.

मग मोत येतो. मोत म्हणजे मृत्यू. (अरबीतून आपल्याकडं आलेला 'मौत' याच घराण्यातला.) तो बआलला खाली, आपल्या घशात बोलावतो, आणि सोबत ढग, वारा, वीज, पाऊस सगळं घेऊन यायला सांगतो. बआल जातो. वर जमीन भेगाळते. शेवटी त्याची बहीण अनात मोतला गाठते. ती त्याला तलवारीनं कापते, चाळणीनं उफणते, आगीत भाजते, जात्यावर दळते आणि शेतात पेरते.

हे पाच शब्द ओळीनं पुन्हा वाचा. कापणं, उफणणं, भाजणं, दळणं, पेरणं. कास्तकाराच्या घरातल्या कुणालाही ही मारामारी आहे हे सांगावं लागेल; नाहीतर तो म्हणेल, हे तर सुगीचं काम झालं.

आणखी एक लक्षात ठेवायचं. तिकडं पाऊस हिवाळ्यात पडतो. उन्हाळ्याचे चार-पाच महिने जवळपास थेंब नाही. नाईलसारखी नदी नाही, कालव्यांचं जाळं नाही. खिडकी उघडली तर पीक. म्हणून या देवाचा मान एवढा.

५. पती

आता घरात येऊ. हिब्रूत आजही नवऱ्याला 'बआल' म्हणतात. 'बआली' म्हणजे 'माझा नवरा', शब्दशः 'माझा मालक'. १९४८ नंतर कोकणातून आणि मुंबईतून इस्राएलात गेलेल्या बेने इस्राएल मंडळींना हा शब्द रोज ऐकू येतो, आणि मराठी कानाला त्यात खटकण्यासारखं फारसं नाही. वऱ्हाडात 'आमचे मालक वावरात गेले' म्हणणारी बाई सालगड्यासारखी कुणाची चाकरी सांगत नसते. ती नवऱ्याविषयी बोलत असते. 'धनी' तसंच.

पण बआलचा खरा मराठी जोडीदार 'पती' आहे. पती म्हणजे स्वामी. तो देवांच्या नावात बसतो: गणपती, पशुपती, प्रजापती. हुद्द्यात बसतो: सेनापती, राष्ट्रपती. नुसत्या 'असणाऱ्या'लाही चालतो: करोडपती. आणि एकटा उभा राहिला की नवरा. बआलनंही हेच चारही धंदे केले. हिब्रूत घरमालक 'बआल हा-बाइत'. बायबलातल्या योसेफचे भाऊ त्याला टोमण्यानं 'स्वप्नांचा बआल' म्हणतात, म्हणजे स्वप्नं पडणारा. प्राण्याला 'बआल खायिम', म्हणजे 'जीव असलेला'. अठराव्या शतकातल्या एका थोर यहुदी संताची ओळखच 'बआल शेम तोव' अशी, चांगल्या नामाचा स्वामी. धर्माला नकोसा झालेला देव, आणि संताच्या उपाधीत त्याचाच शब्द! ऐकणाऱ्याला मात्र त्यात देव दिसत नाही, जसा करोडपतीत आपल्याला गणपती दिसत नाही.

अरबीतही 'बअल' म्हणजे नवरा. कुराणात हा शब्द नवऱ्यासाठी येतो, आणि एलिया संदेष्ट्याच्या कथेत त्याच नावाच्या मूर्तीच्या देवासाठीही येतो. वाचणारा संदर्भावरून ओळखतो.

दोन अर्थ शेजारी नांदत असले की कुणीतरी शब्दावर शब्द खेळणारच. इसवी सनापूर्वी आठव्या शतकातल्या होशेय संदेष्ट्यानं तो खेळ केला. त्याच्या तोंडून देव आपल्या लोकांना, जणू बायकोला, सांगतो, की पुढं तू मला 'माझा बआल' म्हणणार नाहीस, 'माझा पुरुष' म्हणशील. एका वाक्यात परका देवही गेला आणि मालकीही गेली. आजच्या इस्राएलातही काही बायका 'बआली' टाळून होशेयचाच शब्द वापरतात. त्यांचा आक्षेप देवाला नाही, मालकाला आहे.

६. काट मारलेली नावं

यहुदी परंपरेचं बआलशी भांडण नेमकं कशावरून, हे एलियाच्या गोष्टीत स्पष्ट दिसतं. एलिया राजाला पहिली गोष्ट सांगतो ती अशी, की आता पाऊस पडणार नाही. म्हणजे हल्ला थेट बआलच्या खात्यावर. पाऊस कोण पाडतो, यावरच सगळं होतं.

भांडण जिंकलेल्यांनी मग नावं दुरुस्त करायला घेतली. शौल राजाच्या एका मुलाचं नाव एश-बआल. बायबलातल्या 'इतिहास' नावाच्या पुस्तकात ते तसंच आहे. शमुवेलाच्या पुस्तकात मात्र तो ईश-बोशेथ झाला. 'बोशेथ' म्हणजे लाज. बारशाला कुणी पोराचं नाव 'लाजेचा माणूस' ठेवत नाही. नंतरच्या लेखणीनं 'बआल' खोडून वर 'लाज' लिहिली, पण दुसऱ्या पुस्तकात खोडायची राहून गेली. म्हणून आज हे आपल्याला कळतं. सात-बाऱ्यावर खाडाखोड केली आणि फेरफाराची नोंद तशीच राहिली, त्यातला प्रकार.

दुसरी दुरुस्ती जास्त गाजली. एक्रोन शहराचा देव बायबलात 'बआल-जबूब' आहे, अर्थ 'माशांचा धनी'. माशांचा देव कोण पुजेल? बहुतेक अभ्यासकांना वाटतं की मूळ शब्द 'जबूल' असावा, म्हणजे 'थोर, उच्च', आणि एक वर्ण बदलून त्याच्या माशा केल्या. शाळेत मास्तरांच्या नावाचं पोरं करतात तेच. नव्या करारात तो 'बालजबूल' म्हणून भुतांचा सरदार होतो. १६६७ मध्ये मिल्टन आपल्या महाकाव्यात त्याला सैतानाच्या उजव्या हाताला बसवतो. १९५४ मध्ये विल्यम गोल्डिंगनं बेटावर अडकलेल्या मुलांची कादंबरी लिहिली, तिच्या शीर्षकातला 'माशांचा स्वामी' तो हाच.

हे सगळं शिकवणारी एक जागा यवतमाळातच होती, हे इथल्याही फार थोड्यांना आठवतं. युनियन बिब्लिकल सेमिनरी ही ख्रिस्ती धर्मशास्त्राची संस्था १९५३ मध्ये यवतमाळला सुरू झाली आणि १९८३ मध्ये पुण्याला गेली. तीस वर्षं या गावात एलिया आणि बआलचं भांडण अभ्यासाला होतं, आणि कुंपणापलीकडं कापसाच्या तासांवर कास्तकार आभाळाकडं बघत उभे होते.

७. वरथेंबी

आता तो अर्थ, ज्याच्यासाठी मी हे प्रकरण लिहायला घेतलं.

शेतीचे आपल्याकडं दोन भाग: कोरडवाहू आणि ओलीत. विहिरीचं, कालव्याचं पाणी देता येतं ते ओलीत. केवळ वरून पडेल त्यावर पिकतं ते कोरडवाहू. त्यासाठी 'वरथेंबी' असा एक सुंदर जुना शब्दही आहे. यवतमाळ जिल्ह्यातलं बहुतेक वावर कोरडवाहू. वर्षाला सरासरी नऊशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. आकडा ऐकून बाहेरचा माणूस म्हणेल, मग अडलं कुठं? अडतं ते दोन पावसांमधल्या खंडात. मृगात पेरलं, वर ऊन तापलं, कोंब करपले, की दुबार पेरणी. वर्षाची सरासरी खिशात घेऊन बियाणं विकत मिळत नाही.

अशा जमिनीला हिब्रूत काय म्हणतात? 'स्दे बआल'. बआलचं वावर. इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी कायद्याच्या ग्रंथात हा शब्द आहे, आणि ओलीताच्या जमिनीसाठी वेगळा. अरबीतही 'बअल' म्हणजे पावसावर पिकणारी जमीन किंवा पीक. स्कॉटिश अभ्यासक रॉबर्टसन स्मिथ यांनी १८८९ च्या आपल्या पुस्तकात याचा माग काढला. ज्या जमिनीला माणूस पाणी देत नाही तिचा धनी कोण? जो पाणी देतो तो. ती बआलची. जुन्या समजुतीत पाणी पाजणं हाच मालकीचा पुरावा.

जरा थांबून काय झालं ते पाहा. मिश्ना लिहिणाऱ्या पंडितांना बआल देव म्हणून मुळीच चालत नव्हता. त्याचं नाव राजपुत्रांच्या नावातून खोडणारी परंपरा त्यांचीच. पण वहिवाटीचा खटला समोर आला, जमिनीचा प्रकार लिहायची वेळ आली, तेव्हा त्यांनी बिनदिक्कत 'बआलचं वावर' लिहिलं. त्यांना तिथं देव दिसतच नव्हता. कोरडवाहू दिसत होतं.

इस्लामी कायद्यात हा फरक थेट पैशात मोजला जातो. पावसावर आलेल्या पिकावर दहावा हिस्सा जकात. कष्टानं पाणी ओढून घेतलेल्या पिकावर त्याच्या निम्मा, विसावा. हिशोब सोपा आहे. शंभर पोती पावसावर आली तर दहा द्यायची, मोटेच्या पाण्यावर आली तर पाच, कारण बैल आणि घाम तुमचा. आपल्याकडं शेतसारा नेमका उलटा चाले, बागायतीला जास्त. तिकडचा विचार असा की फुकट मिळालं त्यावर जास्त द्या. पटो न पटो, आभाळाला त्यात खर्च धरलेला नाही एवढं खरं. दुबार पेरणी केलेल्या माणसाला 'फुकट' हा शब्द मी तरी ऐकवणार नाही.

आणि आपला 'जिरायत'? पश्चिम महाराष्ट्रात कोरडवाहूला जिरायत म्हणतात. तो अरबी 'जिराअत'वरून आला, मूळ अर्थ नुसती शेती, पेरणी. हिब्रूत त्याच धातूपासून 'जेरा' म्हणजे बी, आणि इज्रेल हे खोऱ्याचं नाव, म्हणजे 'देव पेरतो'. ते नाव बआलवर शब्दखेळ करणाऱ्या त्याच होशेयच्या पुस्तकात, पाऊस आणि धान्याच्याच ओळींत येतं. सातारच्या तलाठ्याच्या वहीतला 'जिरायत' आणि होशेयचं 'इज्रेल' एका बियाण्याचे. बालाजीचं नातं शोधणाऱ्यांना मी आता हेच सांगतो: नातं हवंच असेल तर हे घ्या, हे खरं आहे.

आपल्या पर्जन्याचं तरी दुसरं काय झालं? ऋग्वेदात पर्जन्य हा देव आहे. त्याला उद्देशून स्वतंत्र सूक्तं आहेत. आज पर्जन्यमापक तहसीलच्या आवारात उभा असतो, आणि मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर भरले की कागदावर अतिवृष्टी होते, पंचनामे सुरू होतात. देवाला नळकांड्यात धरून मोजतात आणि कुणाला चुकल्यासारखं वाटत नाही.

पॅलेस्टाइनच्या बाजारात आज 'बअली' टोमॅटो मिळतात. इस्राएलात 'बआल'ची कलिंगडं मिळतात. दोन्हींचा अर्थ एकच: पाणी न देता, जमिनीतल्या ओलीवर आलेली. आकारानं लहान, चवीला गोड, आणि गिऱ्हाईक ती मुद्दाम मागून घेतं. विकणारा मुसलमान असतो, ख्रिस्ती असतो, यहुदी असतो. तिघांच्याही ग्रंथांत बआल हा हरलेला देव आहे, आणि तिघंही मालाची तारीफ करताना त्याचंच नाव घेतात.

इकडं जूनमध्ये रोहिणी सरतात, वखरलेली वावरं तयार असतात, आणि धुऱ्यावर उभा असलेला कास्तकार म्हणतो, "आता वरच्याच्या मनात काय आहे, बघू." हा वरचा कोण, ते विचारायला कुणी थांबत नाही. बियाण्याची थैली फोडायची की आणखी दोन दिवस वाट पाहायची, बोलणं लगेच तिकडं वळतं.